नरहरीच्या उंचीचा ताड

वसईजवळच्या गिरीजात द्वारकाबायच्या दारात एक झाड होतं. गावाच्या लेखी तो ताड. पंख्यासारखं पान दिसलं की ताड आणि झाप लोंबलं की माड. तिसरी जात आमच्या वाडीला ठाऊक नव्हती. येताजाता कुणीतरी हटकायचंच.

"काय द्वारकाबाय, ताडी कधी उतरवतेस? लायसन काढलंस का?"

"काढलंय," ती म्हणायची. "पहिला पेला तुझ्या बापसालाच."

एवढं बोलून ती बावखलाकडे वळायची. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं तळं. केळी, पानवेली, माड, सगळे त्याच्याच पाण्यावर जगतात. द्वारकाबाय पोट बांधून काम करणारी, काळीसावळी, हाताला कायम चिकाचे डाग. बोलायची आमच्या घरच्या बोलीत, आणि शाळेतल्या बाईंपुढेसुद्धा तीच. 'पाणी' तिच्या तोंडून कधी आलं नाही. पानी म्हटलं तरी तहान भागतेच की.

ताडाची थट्टा सगळे करायचे, पण तो तिथं का आहे हे कुणी विचारत नसे. ते सगळ्यांना माहीत होतं.

तिचा नवरा नरहरी कुवेतला माळीकामाला होता. सहा फुटांच्या आसपासचा गडी, पडवीत शिरताना मान वाकवायचा. दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचा, बरोबर साबणाच्या वड्या आणि ब्लँकेट. नव्वद सालच्या सुरुवातीला आला तेव्हा सदऱ्याच्या खिशातून चिमूटभर बिया काढून त्यानं तिच्या तळहातावर ठेवल्या. तुरीच्या दाण्याएवढ्या, तांबूस, एका बाजूनं चपट्या.

"ह्या काय? मिरी?"

"ताडाच्या. पन आपल्यासारखा ताड नाय. तिकडं रस्त्याच्या दोन्ही अंगाला लावलेत. पान पंख्यासारखं. अन् वाळकं पान पडत नाय, कोनी कापतही नाय. खोडाला घागऱ्यासारखं लटकून ऱ्हातं."

"वाळकं झाप झाडावर ठेवायचं?" द्वारकाबायला ते पटेना. आमच्या वाडीत माडाचं वाळकं झाप दिसलं की कोयता निघतो. झाडावर वाळकं ठेवणं म्हणजे न्हाणीत खरकटं ठेवण्यासारखं. "आळशी लोक दिसतात."

"माझं ऐक. दारात लाव."

मग निघायच्या आदल्या दिवशी तो पडवीच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि तिला म्हणाला, विळा आण. डोक्याच्या उंचीवर तिनं विळ्याच्या टोकानं लाकडात खाच पाडली. स्टुलावर चढून पाडावी लागली.

"झाडाचं खोड इथवर आलं की मी कायमचा येतो."

"एवढं?"

"खोड मोजायचं हं. पान नाय. नायतर सहा महिन्यात तार करशील, ये म्हनून."

ती हसली. तो गेला. पावसाळ्यात कुवेतवर फौजा उतरल्या. आमच्या भागातली किती माणसं तिकडं होती, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, देवळात नवस बोलले. माणसं परतायला लागली. कुणी जॉर्डनच्या वाळूत तंबूत राहून आलं, कुणी नेसत्या कपड्यानिशी आलं. नरहरी आला नाही. आलेल्यांना विचारावं तर ज्याला त्याला आपलाच जीव वाचवायचा होता. सरकारी कचेऱ्यांत दिनानाथ जाऊन आला. दिनानाथ म्हणजे तिचा धाकटा दीर, कंबरेला टॉवेल बांधून गावभर फिरणारा. कचेरीतून उत्तर आलं ते असं होतं, की त्यात माणूस आहेही आणि नाहीही.

द्वारकाबायनं कुंकू पुसलं नाही. पूस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बियांपैकी एकच उगवली होती. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं, सरळ; त्यावरून ताड की बाजरी काही कळायचं नाही. ती तिनं काळ्या पिशवीत लावली आणि पिशवीला नरहरीच्या लुंगीची चिंधी बांधली. पिशवी ठेवली दिनानाथच्या रोपांत. त्या काळात विरारकडं इमारती उठायला लागल्या होत्या आणि बिल्डरांना फाटकापाशी झाडं हवी असायची. दिनानाथनं पानवेल मोडून तिथं नर्सरी मांडली. शोभेची रोपं आणली, त्यांत हातभर वाढलेल्या पंख्याच्या ताडांचा एक गठ्ठा. व्यापाऱ्यानं त्याला चायना पाम सांगितलं होतं.

नर्सरीचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. पिशवी एका जागी फार दिवस राहिली तर मूळ बुडातून निघून जमीन धरतं, मग उचलताना रोप मरतं. म्हणून पिशव्या हलवत राहायच्या. रोप वाढलं की जुनी पिशवी फाडायची, मोठी चढवायची. द्वारकाबाय माहेरी भुईगावला आईच्या आजारपणात जाऊन राहिली होती तेव्हा दिनानाथच्या गड्यांनी सगळ्या ताडांच्या पिशव्या बदलल्या. फाटक्या पिशव्या खतकुंडीत गेल्या. त्यांच्याबरोबर चिंधीही.

परत आली तर सारखी रोपं, सारख्या पिशव्या, ओळीनं उभी.

"दिनाभाऊ, माझं कुठलं?"

"अरे देवा," दिनानाथ कानामागं खाजवत म्हणाला. "वयनी, गड्यांना काय ठाव. पन सगळे एकच दिसतात. कुठलापन घे की."

"कुठलापन घे? तू लगीन असंच केलंस काय?"

मग ती एकेक रोप बघत गेली. आमच्या बायका रोप कसं बघतात? पान उलटं करून. वांग्याचं असो की पानवेलीचं, वरून हिरवंगार दिसतं आणि खाली कोळी बसलेला असतो, बारीक जाळं करून रस पीत. त्या ओळीत एकाच रोपाच्या पानाला असं पांढरं जाळं होतं, फटींतून लोंबणारं. तिनं पदरानं पुसलं. दुसऱ्या दिवशी जाळं वाऱ्यावर परत हललं. ओल्या फडक्यानं पुसलं, तंबाखूचं पाणी मारलं. हटेना.

"ह्याला कीड हाय," ती दिनानाथला म्हणाली. "बाकीच्यांना लागायच्या आत कुठंतरी खपव."

आणि सगळ्यांत स्वच्छ, तजेलदार, बिनजाळ्याचं रोप तिनं आपलं म्हणून दारात लावलं. इतकी निरोगी वस्तू नरहरीचीच असणार, असं तिनं ठरवून टाकलं. पुढच्या खेपेत जाळंवालं रोप बाकीच्या मालाबरोबर विरारला गेलं.

दारातलं झाड सावकाश वाढलं. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल इतकं सावकाश. शेणखत, मासळीचं पाणी, बावखलाचा गाळ, तिनं काही कमी केलं नाही. वाळकं पान मात्र नरहरीनं सांगूनही तिला झाडावर बघवेना, कोयत्यानं उतरवायचीच. दर दिवाळीच्या आधी घराला चुना लागायचा. दिनानाथ सगळं घर पांढरं करायचा आणि पडवीचा तो खांब सोडून द्यायचा. एकदा त्याच्या बायकोनं, हेमांगीनं, विसरून खांबाला ब्रश लावला. द्वारकाबाय ओल्या हातानं चुना पुसत राहिली, जेवायलाही आली नाही. तेव्हापासून त्या खांबाकडे ब्रश गेला नाही. सगळ्या पडवीत तोच एक काळा.

झाडाचं खोड तिच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. छातीला आलं तेव्हा वाडीतल्या बायका तिला विचारीनाशा झाल्या. ताडीची थट्टाही थांबली. आधी सकाळी उठून ती झाडाला हात लावायची. खोड खाचेच्या जवळ येत चाललं तशी न बघताच पाणी ओतून माघारी यायला लागली. एका वर्षी तर तिनं खत घातलं नाही. हेमांगीनं विचारलं तर म्हणाली, "जास्त झालं की मूळ जळतं." वाडीत जन्म काढलेल्या बाईनं शेणखतानं मूळ जळतं म्हणावं आणि दुसरीनं ते ऐकून घ्यावं. दोघींना कळत होतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्याच्या शेवटी खोड खाचेला भिडलं.

ती रोज पडवीत बसून राहायची. रस्त्यावर रिक्षा थांबली की मान वर. कुणी उतरत नाही असं नाही, उतरायचे. केळीचे व्यापारी, राजोडीच्या समुद्रावर चाललेली वाट चुकलेली माणसं.

त्याच महिन्यात झाडाला फळं आली. पानांच्या बुडातून घोसच्या घोस, निळसर हिरवी, करवंदाहून थोडी मोठी. पाखरांनी खाली पाडली ती तिनं वेचली. एक फळ दगडावर ठेचलं, आतली बी पुसून तळहातावर घेतली. बोराच्या बीएवढी होती, गोल, गुळगुळीत.

तिनं दुसरं फोडलं. तिसरं.

दिनानाथ केळीचे लोंगर तोलत होता. ती त्याच्यासमोर जाऊन मूठ उघडून उभी राहिली.

"ह्यांनी आनलेली बी एवढी व्हती?"

"कोन ठाव वयनी. लई दिवस झाले."

"तुरीएवढी व्हती. एका अंगानं चपटी. मी हातात घेतली ना." मग जरा थांबून म्हणाली, "तुरीला बोर लागतं काय रे?"

दिनानाथला वाटलं आता ही रडणार. पण तिचा चेहरा उजळला होता. त्यानं नंतर आम्हाला सांगितलं ते असं, की इतक्या वर्षांत वयनी अशी हसलेली त्यानं बघितली नव्हती. झाड नरहरीचं नव्हतंच. मग त्याच्या उंचीचा हिशेब कशाला धरायचा? शब्द दिलेलं झाड दुसरीकडंच कुठंतरी वाढत होतं. लहान असेल अजून. वेळ व्हायची असेल.

वेडेपणा म्हणा. तिनं तो कुणाला बोलून दाखवला नाही, पण त्या दिवशी ती झपाझपा चालत फ्रेडरिककडे गेली.

फ्रेडरिक आमच्याच आळीचा, नरहरीच्या वेळी कुवेतला ट्रक चालवायचा. लढाईत परत आला, पुन्हा आखातात गेला, आणि आता गुडघे धरून कायमचा घरी बसला होता. त्याच्या घरी ती पूर्वीच जाऊन आली होती. लढाईच्या आधल्या आठवड्यात नरहरीला त्यानं बागेत पाण्याचा पाइप ओढताना बघितलं, हात केला, पुढचं काही ठाऊक नाही. एवढंच त्याच्याकडे होतं. आज तिनं वेगळं विचारलं.

"फ्रेडूभाव, तिकडच्या रस्त्यावरचा ताड तू वळखशील?"

"वळखीन म्हंजे? त्याच्या सावलीत डबा खाल्लाय. सावली कसली, काठीची सावली."

तो काठी टेकत तिच्या दारात आला. झाडाभोवती एक फेरी मारली. एक पान काठीनं खाली ओढलं.

"हे नाय ते."

"मना ठाव हाय. ते कसं असतं ते सांग."

त्याला आश्चर्य वाटलं, पण तो सांगायला बसला. आखातातून आलेल्या माणसाला कुणी तिकडचं विचारलं की त्याचे गुडघे दुखायचे थांबतात. "ह्याच्या पानाची टोकं बघ. न्हालेल्या बाईच्या केसावानी खाली पडल्यात. त्याचं पान ताठ. देठाला दोन्ही अंगानं काटे, वाकडे, मांजराच्या नखावानी, देठ बुडाशी भगवट. जुना देठ खोडावरच मधोमध चिरतो, चिमटा उलटा धरल्यावानी. आमचा फोरमन त्याला वॉशिंग्टन म्हनायचा. आम्ही म्हनायचो सुताचा ताड."

"सुताचा?"

"पानाच्या फटीफटीतून सूत सुटतं. पांढरं. दोरा उसवल्यावानी. वाऱ्यावर हाललं की लांबून वाटतं कोळ्यानं जाळं केलंय."

द्वारकाबाय आपल्या पदराच्या टोकाकडं बघायला लागली; त्यानंच तिनं ते जाळं पुसलं होतं.

"काय झालं गो?"

"कीड नव्हती ती," ती म्हणाली. "माझ्या हातानं धाडलं मी."

फ्रेडरिकला काही उमगलं नाही. तो पुढं सांगत होता, की ते झाड फार भराभर चढतं, पाणी मिळालं तर विचारूच नका. तेवढं तिनं ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असेल.

दिनानाथला एवढं आठवत होतं, की त्या साली सगळा माल मनवेलपाड्याला गेला. कुठल्या इमारतीला, ते नाही. मनवेलपाडा विरारच्या पूर्वेला; चाळी, चाळींच्या मधून इमारती, आणि प्रत्येक फाटकाला वॉचमन. नुसत्या बाईला आत सोडत नाहीत. पण डोक्यावर टोपली असली की वसईच्या बाईला कुणी अडवत नाही. तिनं वेलची केळ्यांचे फणे टोपलीत रचले, वर केळीचं पान घातलं आणि बसनं विरारला गेली.

सकाळभर ती फाटकाफाटकांतून शिरत राहिली. "केळी घ्या केळी," म्हणायची आणि नजर झाडावर. चायना पाम ढिगानं होते, केस मोकळे सोडलेले. दिनानाथचा माल ती ओळखत होती; तिनंच पाणी घालून वाढवलेली रोपं, कुठं वाळलेली, कुठं स्कूटर टेकवून टेकवून खोड सोललेलं. तिला हवं होतं ते पुरुषभर उंचीचं, जमलं तर त्याहून बुटकं, सूत सुटणारं. बुटकी झाडं बघत बघत चालली होती. वर बघायचं तिला सुचलंच नाही.

"ओ केळीवाल्या मावशी! वर या, तिसऱ्या मजल्यावर."

आवाज आला त्या दिशेला तिनं मान वर केली. इमारतीच्या कोपऱ्याला लागून एक खोड वर गेलं होतं. खाली बारीक, राखी. मधून पुढं वाळक्या पानांचा जाडजूड घागरा, कधी कुणी न कापलेला. आणि त्याच्यावर, तिसऱ्या मजल्याच्या ग्रीलला टेकून, हिरवा शेंडा.

टोपली घेऊन ती जिने चढली. दार उघडणारी वसुंधरा, चिपळूणकडची, नवरा मुंबईला बँकेत. तिनं केळी हातात घेऊन दाबून बघितली.

"गोड आहेत ना? मागच्या वेळची तुरट निघाली."

"गोड हायेत. बाय, जरा गॅलरीत उभी ऱ्हाऊ? दम लागला."

"या ना. पाणी देते."

गॅलरीत पान अगदी हाताशी होतं. ताठ, टोकाशी तेवढं मोडलेलं. देठाला मांजराची नखं. आणि फटीफटीतून सूत, वीतवीत, पांढरं, ग्रीलच्या गजांना गुंडाळलेलं, वाऱ्यावर हलणारं.

"ह्या झाडानं वैताग आणलाय," वसुंधरा पाण्याचा तांब्या देत म्हणाली. "हे धागे कपड्यांना चिकटतात. त्या वाळक्या पानांत कबुतरं. सोसायटी म्हणते कापा, दिवाळीत रॉकेट शिरलं तर पेटेल. आमचे हे म्हणतात, आहे तेवढं हिरवं राहू दे."

"मानसाएवढं कधी झालं हे?"

"काय?"

"मानसाच्या उंचीचं. कधी झालं असंल?"

वसुंधराला प्रश्नच विचित्र वाटला. "माणसाएवढं? काय माहिती. आम्ही राहायला आलो तेव्हा माझी उन्नती बालवाडीत होती. तेव्हाच पहिल्या मजल्याच्या वर गेलं होतं. आता ती पाचवीत आहे."

द्वारकाबायनं मान हलवली. पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. मग सवयीनं तिचा हात पदराकडे गेला, पदराचं टोक बोटाला गुंडाळून पानाकडे गेला, सूत पुसायला.

"काढा काढा," वसुंधरा म्हणाली. "कितीही काढलं तरी परत येतं."

"ऱ्हाऊ दे," द्वारकाबाय म्हणाली आणि हात मागं घेतला. "त्याचं असंच असतं."

केळ्यांचे पैसे मोजून घेतले, दोन केळी उन्नतीसाठी जादा ठेवली. खाली उतरल्यावर ती झाडाजवळ गेली. खोडाला पाठ लावून उभं राहावं असं तिच्या मनात आलं असेल, नसेल. वॉचमन बघत होता. तिनं खोडावर हात ठेवला, आमच्यात बैलाच्या खांद्यावर ठेवतात तसा, आणि वर बघत राहिली. शेंडा लांब होता.

"लई वाढलास," ती म्हणाली. "कधीच झालास. सांगायचं तरी."

वॉचमननं विचारलं, "मावशी, कोणाशी बोलताय?"

"घरच्याशी," ती म्हणाली आणि रिकामी टोपली काखेला मारून निघाली.

पुढच्या आठवड्यात दिनानाथनं चुना भिजवला. घराच्या भिंती झाल्या, पडवी झाली. खांबापाशी येऊन तो नेहमीसारखा वळला.

"दिनाभाऊ, यंदा त्यालाही लाव."

दिनानाथनं तिच्याकडं बघितलं. ती दारातल्या झाडाला पाणी घालत होती. नाही म्हटलं तरी तिनंच वाढवलेलं ते, फळांनी भरलेलं. वाळकं एक पान खाली आलं होतं, ते तिनं कोयत्याच्या एका घावात उतरवलं, दुमडलं आणि न्हाणीच्या चुलीपाशी टाकलं. पाणी तापवायला.

त्यानं खांबाला एक हात मारला, वाळल्यावर दुसरा. खांब पडवीत मिसळून गेला. खाच मात्र विळ्याची, खोल; चुना तिच्यात ठरेना.

"वयनी, हिच्यात चुन्याचा लगदा भरतो थोडा, मंग दिसायची नाय."

द्वारकाबाय हात पुसत पडवीत आली. स्टूल न घेता, खांबाजवळ उभी राहून, टाचा उंचावून, डोकं खाचेपर्यंत पोचतंय का बघितलं. पोचलं नाही.

"नको भरू," ती म्हणाली. "तेवढी असू दे. एवढे उंच व्हते ते, वाकून आत यायचे, नायतर डोकं आपटायचं."